तुणतुण्याच्या पोटात

मला अक्षरओळख शाळेने करून दिली नाही, पत्रकांनी करून दिली. बोईसरला आम्ही राहायचो त्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे खाटेखाली असत, मोरीच्या कट्ट्यावर असत, देवाच्या फळीवरही असत. स्वस्तातला गुलाबी कागद, आणि त्यावर जाड ठशात ‘कामगार बंधू-भगिनींनो’. पहिलीत बाईंनी फळ्यावर क काढून विचारलं, कशातला? सगळा वर्ग कमळातला म्हणाला. मी उभी राहून कामगारातला म्हटलं. बाईंनी दुसऱ्या दिवशी आईला शाळेत बोलावून घेतलं. आई मासळीची पाटी घेऊनच गेली आणि बाईंना सुके बोंबील विकून आली.

बाबा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तार ओढण्याच्या कारखान्यात होते. एका बाजूने जाड सळई यंत्रात शिरते, लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून खेचली जाते आणि पलीकडे तार होऊन बाहेर पडते. युनियनची पत्रकं बाबाच लिहायचे. शिक्षण सातवीपर्यंतचं, पण मोठ्याने वाचताना जीभ अडखळेल असं एकही वाक्य त्यात नसे. आणि दुपारी तीनला, पाळी बदलायच्या वेळी, ते गेटसमोर उभं राहून तुणतुण्यावर गायचे.

ते तुणतुणं त्यांनी स्वतः केलेलं होतं. दुधाच्या पावडरीचा पत्र्याचा डबा, त्याचा तळ कापून तिथे ताणलेलं बकऱ्याचं कातडं. डब्याला बाहेरून उभी ठोकलेली बांबूची काठी, काठीच्या वरच्या टोकाला लाकडी खुंटी. खुंटीपासून निघालेली एकच तार डब्याच्या उघड्या तोंडातून आत उतरायची आणि कातड्याच्या मधोमध गाठ मारून अडकवलेली असायची. डबा माझ्याच दुधाचा होता असं आई सांगते. तार कारखान्यातली, टाकाऊ वेटोळ्यातली.

त्याचा आवाज मला अजून कुणाला नीट सांगता आलेला नाही. इतर तुणतुणी टणटण वाजतात. हे घोगरं बोलायचं. काडीचा आघात झाला की तार गप्प व्हायची, पण आत काहीतरी थोडा वेळ थरथरत राहायचं. बाबांचा गळाही तसाच. दोन घोगरे आवाज एकमेकांना टेकून उभे आहेत असं वाटायचं. मी आठ-नऊ वर्षांची, आईचं बोट धरून गेटसमोरच्या चहाच्या टपरीपाशी उभी असायचे, आणि ती थरथर माझ्या बरगड्यांत होत असायची. दोन-तीन कडवी झाली की बाबा मान हलवायचे आणि आई मला ओढत नाक्याकडे न्यायची, ओळखीच्या दुकानात बसवून पाटी घेऊन परत जायची. पुढचं मी कधीच ऐकलं नाही. पत्रकं वाटायला सुरुवात झाली की सुरक्षारक्षक धावून येत, धक्काबुक्की होई. म्हणून पोरीला आधी घालवायचं, असा घरचा नियम होता.

रक्षकांमध्ये एक बिहारचा होता, त्याला बाबांचं गाणं आवडायचं. तो बाबांची झोळी उलटी करून झटकायचा आणि म्हणायचा, “गाओ मास्टर, जितना जी चाहे गाओ. बस परचा नहीं.” झोळीत काही सापडायचं नाही. आणि तासाभराने प्रत्येक कामगाराच्या खिशात गुलाबी पत्रक असायचं. ती पत्रकं आईच्या पाटीतून, बोंबलांखालून जातात अशी माझी पक्की समजूत होती. घरातल्या पत्रकांना बोंबलाचा वास येतो हा माझा पुरावा. आमच्या घरात उशांनासुद्धा बोंबलाचा वास यायचा, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

मी एकोणीस वर्षांची असताना बाबांनी सही केली. कारखान्याने कायम कामगारांपुढे राजीनाम्याचे कागद ठेवले होते. सही करा आणि घरी जा, वाटलं तर ठेकेदाराचे कामगार म्हणून परत या. बाबांनीच त्याविरुद्ध चार पत्रकं लिहिली होती. चारही मी तपासली होती. आणि एका सोमवारी ते लवकर घरी आले, चपला काढून नीट जोडीने ठेवल्या आणि म्हणाले, “सही करून आलो.”

आईने त्यांना पाणी दिलं. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. पत्रकांवर वाढलेल्या मुलीला थोड्या शब्दांत घाव घालता येतो, एवढं पुरे.

महिन्याभरात आईबाबा नवापूरला, गावी परत गेले. आईचा बोंबील सुकवण्याचा धंदा तिथे होताच, बाबा त्यात लागले. मी बोईसरची खोली सोडली नाही. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी भिंतीवरच्या खिळ्यावरून तुणतुणं काढून हातात घेतलं आणि सांगितलं की हे कामगारांचं आहे, तुमचं नाही. बाबा गादीची दोरी बांधत होते. त्यांनी वर बघितलं नाही. “ने,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

टेम्पो गेल्यावर रिकाम्या खोलीत बसून मी पहिल्यांदा ते वाजवलं. टण. पुन्हा वाजवलं, टण. कुठल्याही जत्रेत मिळणाऱ्या तुणतुण्यासारखं. मला वाटलं, तार गंजली असेल.

मी पालघरला एका छापखान्यात काम करते, संगणकावर मजकूर बसवते. लग्नपत्रिका, बिलबुकं, नगरसेवकांच्या वाढदिवसांचे फलक, आणि मधूनच आमच्या संघटनेची पत्रकं, जी आता मी लिहिते. संध्याकाळी खोलीवर आले की तुणतुण्याला हात घालायचे. पहिल्यांदा तार बदलली. मग कातडं बदललं, कारण जुनं डब्याच्या कडेला भेगाळलं होतं. ते काढलं तेव्हा आतून डबा बघायला मिळाला. आतल्या पत्र्यावर सगळीकडून एक गुलाबट डाग होता, कडेपासून दोन बोटं खाली सुरू होऊन तळापर्यंत गेलेला. आमच्याकडे गुलाबी डाग दिसला की माणूस आधी नाल्याकडे बघतो. वसाहतीतल्या नाल्याचं पाणी मी लहानपणापासून तीन-चार रंगांत बघितलेलं. म्हटलं, रसायन कधीतरी याच्यात ओतलं असेल, किंवा डबा नाल्यात धुतला असेल. तेच आवाज खात असणार. धुण्याचा सोडा घातला, तारेची घासणी घेतली आणि डबा आतून लख्ख केला. दोन तास घासत होते. त्या वर्षात एवढं मन लावून केलेलं दुसरं काम आठवत नाही.

नवं कातडं लावलं, तार चढवली, वाजवलं. टण. आधीपेक्षा स्वच्छ.

मग मी थांबलेच नाही. सतारीची तार लावून बघितली, गिटारची सगळ्यात बारीक तार लावली, सायकलच्या ब्रेकची केबल उसवून तिचा एक धागा लावला. नवापूरच्या होड्यांवर वापरतात तो तंगूस, जाळ्याचा नायलॉनचा धागा, चार जाडीत आणून लावला. तंगुसाचा आवाज लगेच विरायचा, पाण्यात बोलल्यासारखा. कातड्याच्या जागी जुन्या एक्स-रेची फिल्म ताणली. कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे होता तो, आणि वाजताना गुडघा दिसायचा. केळव्याला पर्यटकांनी मोडून टाकलेली एक युकुलेली, गिटारसारखं छोटं वाद्य, ओळखीच्या बाईने आणून दिली, तिच्या लोखंडी खुंट्यांपैकी एक मी लाकडी खुंटीच्या जागी बसवली. युकुलेलीच्या दांडीवरचे पडदे, त्या धातूच्या पट्ट्याही उपटून बांबूवर ठोकल्या, म्हणजे एका तारेवर पाच सूर निघावेत. खेळण्यातली वाजणारी चकती काढून कातड्याच्या आतून चिकटवली आणि तिची वायर भोंग्याला जोडली. गेटवर तो भोंगा इतका किंचाळला की आमच्याच कार्यकर्त्यांनी कानांवर हात ठेवले.

जुन्यावर हात चालवायची भीती वाटायला लागली तेव्हा नवीन करायला घेतली. तेलाचा डबा, नारळाची करवंटी, नळाचा पाइप, दुधी भोपळा. फळीवर नऊ तुणतुणी झाली. फोनवर सूर दाखवणारं ॲप होतं. त्याचा काटा मधोमध यायचा आणि हिरवा दिवा लागायचा. दिवा लागला की मला रडू यायचं, कारण सूर बरोबर होता आणि आवाज तो नव्हता.

आता लिहिताना दिसतं की मी चुकीची गोष्ट शोधत नव्हते. मी चुकीच्या ठिकाणी शोधत होते, आणि बरोबर ठिकाण कुठे आहे ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बोईसरपासून रिक्षाने अर्ध्या तासावर.

आई आठवड्यातून एकदा बोईसरच्या बाजारात बोंबील, सुकट घेऊन बसायची. मी तिला तिथेच भेटायचे. नवापूरला जायची वेळच येऊ द्यायची नाही, असं माझं चाललेलं. तिच्या शेजारी गोणपाटावर बसून मी तिला विचारायचे की बाबा कातडं कसलं लावायचे, तार भिजवून चढवायचे का, कातड्याला तेल द्यायचे का. आई गिऱ्हाइकाला सुकट मोजत मोजत म्हणायची, “त्याची वस्तू. त्याला ईचार.”

“तुला माहीत आहे. तू सांग ना.”

“मला ठावं हाय. पन माझी नाय ती वस्तू.” मग गिऱ्हाइकाकडे वळून, “घे गो बाय, आजून एक मूठ घे. ही माझी पोर. आक्ख्या दुनियेला कागद वाटते, बापाला दोन शबूद वाटत नाय.”

गिऱ्हाईक बाई हसायची. मी उठून जायचे. पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचे.

गेल्या वर्षी भातकापणीनंतर डोंगराकडच्या एका पाड्यावर आमच्या संघटनेची बैठक होती. पाड्यातली बरीच घरं कामासाठी खाली उतरायच्या तयारीत होती, त्याआधी जमिनीच्या दाव्यांचे अर्ज भरून घ्यायचे होते. मी माझं तुणतुणं नेलं होतं. बैठक संपल्यावर एका म्हाताऱ्या आजोबांनी ते मागून घेतलं. ते स्वतः घांगळी वाजवणारे. घांगळी म्हणजे दोन वाळक्या भोपळ्यांवर आडवी बसवलेली बांबूची दांडी, तिच्यावर तार, आणि तारेखाली मेणाने चिकटवलेल्या छोट्या पट्ट्या. कापणी झाली की देवीची गोष्ट तिच्यावर गातात. त्यांनी आधी माझ्या तुणतुण्यावरचे ठोकलेले पडदे बघितले, मग मला घरात नेऊन आपली घांगळी दाखवली. एक पट्टी अंगठ्याने दाबली, मेण हललं, पट्टी केसभर सरकली. त्यांनी तार छेडून बघितली आणि पुन्हा सरकवली. मी खिळे ठोकून पक्कं केलं होतं ते त्यांच्याकडे रोज नव्याने ठरत होतं.

मी त्यांना बाबांच्या डब्याचा आवाज सांगायचा प्रयत्न केला. घोगरा म्हटलं, थरथर म्हटलं, तोंडाने काढून दाखवला. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग घांगळीचा एक भोपळा माझ्या कानाशी धरून हलवला. आत काहीतरी सळसळलं.

“बी हाय आत,” ते म्हणाले. “पोरगा बोलं काढ, मी नाय काढली. ती बोलते.” मग माझ्या डब्यात वाकून बघितलं. “याच्या पोटात काय ठेवत होता तुझा बापूस?”

“काही नाही. रिकामाच असतो हा.”

“तू बगलं?”

मी बघितलं नव्हतं. गेटवर मी दहा पावलांवर उभी असायचे, आणि डब्याचं तोंड बाबांच्या काखेत असायचं. हे मी त्यांना सांगितलं.

“मंग बापसाला ईचार. हाय ना जिता?”

आहे, म्हटलं.

“मंग,” ते म्हणाले, आणि तुणतुणं माझ्या हातात परत दिलं, जसं पोस्टमन चुकीच्या घरी आलेलं पत्र परत देतो.

तो प्रश्न मी दोन महिने घेऊन फिरले. मग एका रविवारी दुपारी नवापूरच्या रिक्षात बसले. झोळीत तुणतुणं होतं. दुसऱ्या दिवशी तीनच्या पाळीला वाटायच्या पत्रकांचा गठ्ठाही होता, कारण तो शनिवारी छापखान्यातून थेट झोळीतच आला होता आणि मी बाहेर काढला नव्हता. ते पत्रक मी लिहिलेलं. बाबांच्या जुन्या कारखान्याला लागून असलेल्या दुसऱ्या एका कारखान्यात पुन्हा तेच कागद पुढे ठेवले जात होते, सही करा आणि घरी जा. पत्रकात सगळं मुद्देसूद होतं, आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक ओळ होती. ‘याआधी ज्यांनी सही केली, त्यांनी आपल्यासोबत आपल्या मुलांचाही आवाज विकला.’ ती ओळ लिहिल्यावर मी खूश झाले होते. छापखान्यातल्या सहकाऱ्याने वाचून, जोरदार आहे, असं म्हटलं होतं.

नवापूरला किनाऱ्याजवळ बांबूचे मांडव घातलेले होते आणि बाबा त्यातल्या एकाखाली उभे होते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, असं काम चाललेलं. पाठ जरा वाकली होती. केस सगळे पिकलेले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आई पुढे बसून सुकलेला माल निवडत होती. बाबांनी मला बघितलं, हातातली जोडी दोरीवर टाकली आणि आईला विचारलं, “आली काय?”

“माझ्याकडं काय बगतं?” आई म्हणाली. “तुजी पोर, तुज्यासमोर उभी हाय. तिला ईचार.”

बाबांनी विचारलं नाही. त्यांनी हात धुतले, लुंगीला पुसले आणि पुढे केले. मी तुणतुणं त्यांच्या हातात दिलं.

ते त्यांनी तुणतुण्यासारखं धरलं नाही, बाजारात मासा धरतात तसं धरलं, उलटंपालटं करत. “ही खुंटी कुठची?”

“युकुलेलीची. छोटी गिटार असते.”

“आनि हे?”

“पडदे. एका तारेवर पाच सूर निघतात.”

“एक बाय आनि पाच चुली,” बाबा म्हणाले. आई तोंडाला पदर लावून हसली. त्यांनी काडी मारली. टण. त्यांनी भुवया वर केल्या, मग डब्यात हात घातला आणि आतून चारही बाजूंनी बोटं फिरवली. “घासलंस?”

“सोड्याने. आत गुलाबी डाग होता. मला वाटलं रसायन आहे.”

त्यांनी घासलेल्या पत्र्यावर अंगठा फिरवला. बोटं डब्यातच होती. मग त्यांनी हात बाहेर काढला आणि विचारलं, “कागद हाय?”

मला तेव्हा कळलं. सगळं एकदम कळलं. रक्षकाने झटकलेली रिकामी झोळी, काखेत धरलेला डबा, बोंबलाचा वास, डाग. आणि त्याच क्षणी झोळीतल्या गठ्ठ्यातली ती ओळही आठवली. मी म्हटलं, शेजारून वर्तमानपत्र मागून आणते.

“पेपर नाय चालत. पेपर मऊ. पत्रक पायजे.”

“झोळीत गठ्ठा हाय तिच्या,” आई म्हणाली. “मगाशी उचलली मी. जड लागली.”

उद्याच्या पाळीसाठीचा आहे, असं म्हणत मी गठ्ठा काढून दिला. दुसरं काय करणार होते? बाबांनी वरचं पत्रक हात लांब करून डोळ्यांसमोर धरलं.

“चष्मा देऊ?” आईने विचारलं.

“नको.”

त्यांनी शंभर-सव्वाशे पत्रकं मोजल्याशिवाय अंदाजाने उचलली, मांडीवर थोपटून सरळ केली आणि छापील बाजू आत घेऊन त्यांची सैल गुंडाळी केली. गुंडाळीच्या मधल्या पोकळीत तार येईल अशी ती एका बाजूने उघडून डब्यात सरकवली आणि सोडली. कागद आपोआप उलगडून पत्र्याला चिकटला. आतली कड मोकळी राहिली, तारेपासून केसभर दूर. हे सगळं करायला त्यांना एक मिनिटही लागलं नाही. बोटं सहा वर्षांत काही विसरली नव्हती.

“झोळी तपासायचे,” ते म्हणाले. “डब्यात कोन हात घालतो? मधी तार असते.”

“मला का नाही सांगितलंत?”

“लहान होतीस. तुज्या तोंडात तीळ भिजत नव्हता.”

मग त्यांनी डबा काखेत धरला आणि काडी मारली.

मी त्याचं वर्णन करणार नाही, वर एकदा करून झालं आहे. तोच होता. टपरीपाशी उभी असायचे तेवढीच मी होते, आणि माझं बोट धरायला आई दोन हातांवर बसली होती. मी डोळे मिटले नाहीत, कारण मला बाबांचा हात बघायचा होता.

सहा-सात ठोके झाले असतील. बाबांनी काडी न थांबवता डाव्या हाताने डब्यातून एक पत्रक ओढलं आणि आईपुढे धरलं. आईने सवयीने घेतलं. मग दुसरं. मग चार एकदम. गेटवर असंच चालायचं, ते मला पहिल्यांदाच दिसत होतं. पत्रकं कमी होत गेली तशी आतली थरथर कमी झाली, घोगरेपणा विरळ झाला, आणि तार वर येत गेली. मला सांगावंसं वाटत होतं की थांबा, परत भरा, तेवढंच राहू द्या. 

“हा बग,” बाबा म्हणाले. “हा तू ऐकलाच नाय. तुला आदीच धाडायचो.” शेवटची पाच-सहा पत्रकं उरली होती, आणि आवाज मोकळा, लांब जाणारा झाला होता. “भरलेला आवाज मला कदी आवडला नाय. भरलेला हाय म्हंजे काम बाकी हाय. हा सुटायला लागला का माजा गळा पन सुटायचा.”

मी सहा वर्षं, नऊ डब्यांतून, जे शोधत होते ते त्यांच्या लेखी न वाटलेलं पत्रक होतं.

आईच्या मांडीवर पत्रकांचा ढीग झाला होता. तीही माझ्यासारखीच पत्रकांवरून वाचायला शिकलेली, लग्नानंतर, बोट ठेवून. तिने वरचं उचललं आणि बोट ठेवून वाचायला लागली, मधलंच कुठलं तरी. “याआदी ज्यांनी सही केली, त्यांनी… आपल्यासोबत… आपल्या…” बोट थांबलं.

बाबांची काडी थांबली नाही. एक ठोका तेवढा चुकला.

“पुढचं बारीक हाय,” आई म्हणाली. बारीक नव्हतं, सगळं एकाच आकारात होतं, मीच बसवलेलं. तिने पत्रकाची घडी केली आणि कमरेला खोचली.

मी माफी मागितली नाही. बाबांनी सही का केली ते सांगितलं नाही. त्यांनी सही करायला नको होती असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आत्ताही वाटतं. आम्ही तिघं तिथे बसलो, चहा झाला, चहाबरोबर भाजलेला बोंबील झाला. निघताना बाबांनी पत्रकं पुन्हा डब्यात भरून दिली आणि नखाने एक पडदा उचकटून बघितला. “ह्या पट्ट्या काढ. खुंटी मात्र ऱ्हाऊ दे, बरी हाय. माजी सारकी उतरायची.” मग, “उद्या किती वाजता?”

“तीनला.”

“कागद भरला का आवाज दबतो. तार जरा चढी ठेव.”

खोलीवर आल्यावर मी सगळी पत्रकं डब्यातून आणि झोळीतून काढली आणि पेनने ती ओळ खोडायला बसले. प्रत्येक पत्रकावर, डावीकडून उजवीकडे, दोनदा रेघ. कुणाच्या दबावाखाली नाही. ती ओळ पत्रकाची नव्हतीच. ती एका माणसाला लिहिलेली होती, आणि त्याला ती पोचली होती. आईच्या कमरेला खोचलेलं तेवढं एक पत्रक न खोडलेलं राहिलं. शाई सुकल्यावर गुंडाळी केली, डब्यात सरकवली. पहिल्या तीन वेळा कागद तारेला घट्ट टेकला आणि नुसता खट् असा आवाज आला. चौथ्यांदा जमलं.

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला मी गेटसमोर उभी होते. बाबांच्या वेळची शेजारची टपरी अजून आहे, चहावाला बदलला आहे. पाळी सुटायला पंधरा मिनिटं होती. मी आईला फोन लावला, स्पीकर चालू करून फोन भिंतीच्या कठड्यावर ठेवला आणि वाजवायला लागले. खरं सांगायचं तर मला ते संपवायचं नव्हतं. गेट उघडेपर्यंत हे आपलं, असा हिशेब मी मनाशी केला होता, आणि गेट उघडल्यावरही एखादं कडवं जास्त घ्यावं असं मनात होतं. आतली कड थरथरत होती. बरगड्यांत पोचत होती.

पाळीचा भोंगा झाला. गेटची कडी वाजली, पहिले चार-पाच कामगार डबे हलवत बाहेर आले. मी तशीच वाजवत राहिले.

फोनमधून आईचा आवाज येईल असं वाटत होतं. बाबांचा आला.

“आजून भरलेला हाय,” ते म्हणाले. “वाटायला घे.”

मी डाव्या हाताने पहिलं पत्रक ओढलं.